डबीत किती उरल्यात?

शिवजयंतीला किंवा कंपनीच्या वर्धापनदिनाला पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांत रक्तदान शिबिरं भरतात. लाइनवरची पोरं बाही वर सारून आडवी होतात, बिस्किटाचा पुडा आणि प्रशस्तिपत्र घेऊन परत मशीनवर जातात. काही दिवसांनी त्यांतल्या एखाद्याला रक्तपेढीतून फोन येतो, "एकदा येऊन जा." आपल्याकडे दान झालेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि हिवताप यांसाठी तपासणी करावीच लागते. यातली हिपॅटायटिस सीची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. पोरगा जातो, हातात कागद येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं 'एचबीएसएजी पॉझिटिव्ह', म्हणजे हिपॅटायटिस बीचा विषाणू अंगात आहे. त्याला काहीच होत नसतं. भूक लागते, झोप लागते, ओव्हरटाइमही झेपतो. तो गावी आईला फोन करतो आणि आई क्षणात निदान सांगते : पांढरी कावीळ.

हा शब्द मला आवडतो. डोळे पिवळे होतात ती कावीळ, आणि जिच्यात काहीच पिवळं होत नाही ती पांढरी. कोणा वैद्यकीय कोशकाराला यापेक्षा नेमका शब्द सुचला असता असं वाटत नाही. पण नावापाठोपाठ उपायही येतो. कावीळ उतरवणारा माणूस पंचक्रोशीत असतोच. तो चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं झालेलं दाखवतो. कोणी काड्यांची माळ डोक्यावर ठेवतो. काड्या वाळून आकसतात, दोरा सैल होतो, माळ लांबत लांबत गळ्यात आणि मग छातीवर उतरते, आणि कावीळही उतरली असं मानलं जातं. तेल-तूप-हळद बंद, उसाचा रस सुरू. या मंडळींना नुसतं भोंदू म्हणून हसण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्याकडे आलेले बहुतेक लोक खरोखरच बरे होतात. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस एची कावीळ आपली आपण जाते. मोठेपणी शरीरात शिरलेल्या बी विषाणूलाही शंभरातली सुमारे पंचाण्णव माणसं सहा महिन्यांच्या आत हुसकून लावतात. माळ कोणाच्याही गळ्यात घाला, श्रेय माळेलाच मिळणार.

प्रश्न उरलेल्या पाचांचा आहे, आणि त्याहून जास्त त्यांचा, ज्यांना हा विषाणू जन्मताना आईकडून मिळाला. तान्ह्या बाळात प्रमाण उलटं होतं : शंभरातल्या नव्वद बाळांत तो कायमचा मुक्काम करतो. म्हणून जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लस टोचायची. आपल्या सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास. आज चाकणला पंचविशी-तिशीत असलेला, लातूर-परभणीहून किंवा बिहार-ओडिशाहून आलेला मुलगा त्याच्या बराच आधी जन्मलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या शरीरात बी विषाणू होता आणि ५५ लाखांच्या शरीरात सी. जगभरात बी असलेल्यांपैकी फक्त १३ टक्क्यांना आपल्याला तो आहे हे माहीत होतं आणि औषध मिळत होतं ते जेमतेम ३ टक्क्यांना. म्हणजे शिबिरात सापडलेला आपला पोरगा एका अर्थाने भाग्यवान.

पुढे काय करायचं हे तसं ठरलेलं आहे. सी असेल तर बारा आठवडे गोळ्या, आणखी बारा आठवड्यांनी एक तपासणी, आणि बहुतेकांचा विषय संपतो. बी असेल तर दोन वाटा असतात. विषाणू शांत असेल तर औषध नाही, पण दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. शांत नसेल तर रोज एक गोळी, टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर, बहुधा आयुष्यभर. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं फुकट मिळतात. तारीख मुद्दाम निवडलेली होती. बी विषाणूचा माग काढणाऱ्या बारूख ब्लूमबर्ग यांचा तो जन्मदिवस, आणि त्यामुळेच जागतिक हिपॅटायटिस दिनही. म्हणजे तपासणी आहे, औषध आहे, पैसेही पडत नाहीत. मग अडतं कुठे?

आधी आयुष्यभर का, ते पाहू. पिंपरीत पहिल्यांदा जे मोठे कारखाने आले, त्यांत १९५४ चा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स होता, पेनिसिलिन बनवणारा. पेनिसिलिनचा हिशेब सरळ : सुई घ्या, जंतू मरतो, कोर्स संपतो. बी विषाणू त्या हिशेबात बसत नाही. तो यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आपल्या जनुकांची एक गोल कडी ठेवून देतो आणि तिच्यावरून प्रती निघत राहतात. प्रेस शॉपमध्ये काम करणाऱ्याला हे पटकन कळतं. टेनोफोव्हिर प्रेस थांबवतं, पण डाय आतच राहते. गोळी बंद केली की प्रेस पुन्हा सुरू. मग एवढे दिवस शांत असलेली प्रतिकारशक्ती प्रतींनी भरलेल्या पेशींवर एकदम तुटून पडते आणि कधीकधी सगळं यकृतच त्या मारामारीत निकामी होतं. नेमाने घेतलेली गोळी अचानक सोडण्यात जो धोका आहे, तो अशा रुग्णाला कोणी नीट सांगितलेला नसतो. त्याला वाटतं, एक-दोन महिने राहिली तर राहिली, नाहीतरी काही होत नाहीये.

मधुमेहाच्या रुग्णाला घरी साखर मोजता येते, रक्तदाबाचं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं. कोविडच्या दोन वर्षांत घरीच विलगीकरणात असलेल्यांना फोन करून विचारपूस व्हायची तेव्हा विचारायला एक आकडा तरी होता : बोटाला ऑक्सिमीटर लावा, ९४ च्या खाली आला की सांगा. यकृताला असा मीटर नाही. अर्ध्याहून जास्त खराब होईपर्यंत ते तक्रार करत नाही. घरी बसून त्याच्यावर नजर ठेवायची तर एकच यंत्र उरतं, नीट विचारलेला प्रश्न. आणि प्रश्न विचारायचं काम दवाखान्यात पूर्वीपासून ज्यांच्याकडे आहे, त्या म्हणजे सिस्टर.

ब्रिटनसारख्या देशांत यकृतविकाराच्या खास प्रशिक्षित परिचारिका स्वतंत्र ओपीडी चालवतात, फोनवर पाठपुरावा करतात, डॉक्टरकडे कोणाला कधी पाठवायचं ते ठरवतात. आपल्याकडे हे पद असं वेगळं नाही. पण चाकणसारखी जागा पाहिली की त्याची गरज का आहे ते कळतं. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, निघोजे. एकेकाळी ज्वारी-कांद्याची असलेली ही गावं आता खोल्यांची झाली आहेत. एका खोलीत चार-पाच जण, फर्स्ट शिफ्टवाले उठले की त्यांच्या जागी थर्डवाले झोपतात. सरकारी मोठा दवाखाना म्हणजे पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय किंवा थेट पुण्याचं ससून. चाकणच्या तळेगाव चौकातून संध्याकाळी बाहेर पडायला किती वेळ लागतो हे तिथे एकदा अडकलेल्याला विचारा. कंत्राटी कामगाराला ओपीडीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. इथल्या अनेक कारखान्यांची सुट्टी रविवारी नसून गुरुवारी असते, एवढा एक योग बरा, कारण गुरुवारी सरकारी ओपीडी उघडी असते. पण त्या एका दिवसात कपडे, रेशन, बँक आणि झोपही उरकायची असते. दर महिन्याला 'सगळं ठीक आहे, गोळ्या घ्या' एवढं ऐकायला तो गुरुवार कोण घालवेल? मीही घालवणार नाही.

तेव्हा महिन्याला फोन आणि सहा महिन्यांना भेट, ही वाटणी शहाणपणाची.

फोनवर पहिला प्रश्न कोणता असावा? 'गोळ्या घेता ना?' हा नव्हे. त्याचं उत्तर सगळे 'हो सिस्टर' असंच देतात, आपणही दिलं असतं. मुरलेली परिचारिका विचारते, "डबी हातात घ्या दादा. किती उरल्यात?" टेनोफोव्हिरची डबी तीस गोळ्यांची. कधी दिली ती तारीख रजिस्टरमध्ये असते. वजाबाकी करायला दोन सेकंद लागतात, आणि त्यातून कळतं ते महिनाभराच्या उपदेशातून कळत नाही. चौदा उरायला हव्या होत्या आणि एकोणीस आहेत, तर पाच दिवस कुठे गेले? बहुधा शिफ्ट बदलली तेव्हा. 'रात्री जेवून गोळी' असं सांगितलेला माणूस थर्ड शिफ्टला लागला की त्याची रात्रच सकाळी होते. गोळीची गाठ जेवणाशी न घालता मोबाइलच्या गजराशी घालायची, एवढा बदल पुरतो.

गोळी घेतली की नाही हे दुरून ओळखायची एक देशी युक्ती क्षयरोगात वापरून झाली आहे. ९९डॉट्स नावाच्या या पद्धतीत गोळ्यांच्या पट्टीवर पुठ्ठ्याचं एक पाकीट असायचं. गोळी बाहेर ढकलली की तिच्यामागे दडलेला फोन नंबर दिसायचा. त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, पैसे लागायचे नाहीत, आणि दवाखान्याच्या संगणकावर खूण उमटायची. मिस्ड कॉल या खास भारतीय काटकसरीचा इतका हुशार उपयोग दुसरा पाहिलेला नाही. पण पुढे चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी अचानक जाऊन लघवी तपासली तेव्हा मिस्ड कॉल आणि प्रत्यक्ष पोटात गेलेलं औषध यांचा मेळ पुरेसा बसला नाही. कोणी गोळी घेऊन फोन करत नव्हतं, कोणी फोन करून गोळी घेत नव्हतं. यंत्राला खोटं सांगताना माणसाला काही वाटत नाही. "काय झालं होतं त्या पाच दिवसांत?" असं जिवंत आवाजाने विचारल्यावर मात्र सहसा खरं बाहेर येतं.

आता त्या रुग्णांकडे वळू ज्यांचं यकृत आधीच सुरकुतून, गाठाळून गेलेलं आहे. सिऱ्हॉसिस. घरचे म्हणतात 'लिव्हर खराब झालंय' किंवा 'पोटात पाणी झालंय'. इथे महिन्याचा फोन पुरत नाही, आठवड्याचा लागतो, आणि प्रश्नही बारीक होतात.

पोटातलं पाणी, म्हणजे जलोदर, वाढतंय का हे कळायला रोज सकाळी वजन करायला सांगतात. पुस्तकात हे वाक्य सोपं आहे. खोलीत वजनकाटा नसतो. मग सिस्टर पट्ट्याचं भोक विचारते. मागच्या आठवड्यात तिसऱ्या भोकात बसणारा पट्टा आता चौथ्यात गेला असेल आणि दंड मात्र बारीक झाले असतील, तर वाढलंय ते पाणी, अंग नव्हे. मीठ दिवसाला जेमतेम चमचाभर. जेवणातलं मीठ सगळे कमी करतात, पण ठेचा, लोणचं, पापड आणि टपरीवरचं फरसाण यांना कोणी मीठ समजत नाही. फोर्जिंगच्या भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याला घामाची भरपाई म्हणून मीठ घातलेलं लिंबूपाणी दिलं जातं. शेजारच्याला ते योग्य आणि याला विष. हे त्याच्या तोंडून निघण्यासाठी 'कामावर काय पिता?' असं विचारावं लागतं.

पाठ-कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेणं ही आपल्याकडची सार्वत्रिक सवय. सिऱ्हॉसिसमध्ये या गोळ्या मूत्रपिंडाला खाली बसवतात आणि रक्तस्रावाचा धोका वाढवतात. म्हणून 'दुसरं काही औषध?' एवढ्यावर न थांबता 'अंग दुखल्यावर काय घेता?' हेही विचारायचं. शी काळी, डांबरासारखी झाली का, हा प्रश्न लाज न बाळगता दर वेळी. अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्त झिरपत असेल तर तोच पहिला पुरावा असतो. उत्तर 'हो' आलं तर गप्पा तिथेच थांबवायच्या. फोन ठेवून १०८ ला लावायचा.

पथ्याच्या बाबतीत सिस्टरला गावाकडच्या आईशी भांडावं लागतं. कावीळवाल्याला डाळ-अंडी बंद, हा आपला पिढीजात समज. सुरकुतलेल्या यकृताला उलट प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. निरोगी यकृत रात्रीच्या उपासासाठी साखरेचा साठा राखून ठेवतं. याच्याकडे तो साठा उरत नाही, म्हणून एका रात्रीत शरीर दोन-तीन दिवस उपाशी असल्यासारखं स्नायू खाऊ लागतं. झोपण्यापूर्वी एक शेंगदाण्याचा लाडू किंवा दूध-पोळी हा इथे लाड नसून उपचार आहे.

सगळ्यांत अवघड काम मेंदूवर लक्ष ठेवायचं. यकृत जे गाळू शकत नाही ते, विशेषतः अमोनिया, डोक्यात चढतं. सुरुवात फार हळू होते : अक्षर बिघडतं, चिडचिड वाढते, माणूस दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा राहतो. पुस्तकं सांगतात, झोपेची ही उलटापालट धोक्याची पहिली घंटा. पण चाकणला थर्ड शिफ्ट करणारा प्रत्येकच जण दिवसा झोपतो आणि रात्री जागतो! ही घंटा इथे निरुपयोगी, निदान सिस्टरच्या वहीत रुग्णाच्या नावापुढे त्या आठवड्याची शिफ्ट लिहिलेली नसेल तर. फर्स्ट शिफ्ट चालू असताना दिवसा पेंगत असेल तर काळजी करायची. थर्डमध्ये दिवसाही झोप लागत नसेल तरीही.

मेंदूवर नजर ठेवायला इटलीतल्या पादुआच्या डॉक्टरांनी तपासून पाहिलेली एक चाचणी फोनवर सहज जमते. एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं आठवतील तितकी सांगा. पंधराहून जास्त आली तर ठीक, दहाच्या आत राहिली तर डॉक्टरला कळवा, मधली संशयाची. ना कागद लागतो ना शिक्षण. आपल्या भाषेत मात्र एक गंमत होते. शेतकऱ्याच्या घरातला माणूस गाय, बैल, खोंड, कालवड, वासरू अशी सुरुवात करतो, मग म्हैस, रेडा, रेडकू, मग शिंगरू, करडू, कोकरू. गोठ्याबाहेर न पडताच त्याची पंधरा भरतात. ही वेगळी नावं धरायची का? माझ्या मते धरावीत. आपण प्राणिशास्त्राची परीक्षा घेत नाही, डोकं किती भरभर चालतंय ते पाहतोय. फक्त पहिल्या फोनला त्याची किती आली ते लिहून ठेवायचं. बावीस सांगणारा महिन्याभराने तेरावर आला तर 'दहाच्या वर आहे' म्हणून समाधान मानू नये. लंडनमध्ये राजीव जालान यांच्या गटाने वीस रुग्णांवर करून पाहिलेल्या 'सिऱ्होकेअर' प्रयोगात वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र आणि हृदयाचे ठोके टिपणारं उपकरण घरी दिलं होतं, आणि त्यांच्या मोबाइल ॲपमध्येही प्राणी ओळखायचा खेळच होता. यंत्रं मिळाली तर हवीतच. ती नसताना प्राण्यांची नावं विचारायला कोणाची मंजुरी लागत नाही.

इथे एक शंका रास्त आहे : हे सगळं सिस्टरने ठरवायचं का? नाही. आपल्याकडे परिचारिकेला औषध लिहून देता येत नाही. २५ मार्च २०२०, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाची, म्हणजे टेलिमेडिसिनची, मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. त्यांत आरोग्यसेवकाने रुग्णाच्या बाजूने डॉक्टरशी बोलण्याची सोय आहे, पण निर्णय आणि औषधाची चिठ्ठी डॉक्टरची. म्हणून कामाची आखणी अशी हवी की कुठल्या उत्तराला सिस्टर स्वतः सल्ला देईल, कुठल्याला त्याच दिवशी डॉक्टरला सांगेल आणि कुठल्याला थेट गाडी बोलावेल, हे आधीच एका कागदावर लिहिलेलं असेल.

तज्ज्ञाजवळ न राहणाऱ्यांनी हा आजार सांभाळला तर दर्जा घसरतो, ही भीती जुनी आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ती तपासायचं ठरवलं. हिपॅटायटिस सीच्या उपचारासाठी लोकांना महिनोन्महिने थांबून लांबून यावं लागत होतं. त्यांनी खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टर-परिचारिकांना दर आठवड्याला पडद्यावर एकत्र आणून खरे रुग्ण घेऊन शिकवायला सुरुवात केली. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचे निकाल छापून आले : विद्यापीठात बरे झाले ५७.५ टक्के आणि खेड्यांत ५८.२. पंजाबने २०१६ मध्ये हीच रीत उचलली. चंदीगडच्या पीजीआयने जिल्हा रुग्णालयांतल्या डॉक्टरांना शिकवलं, आणि ४८ हजारांवर रुग्णांना औषध मिळालं. उपचार पूर्ण करून तपासणी झालेल्यांपैकी ९१ टक्क्यांहून जास्त बरे झाले. पण सी बारा आठवड्यांत संपतो. बीला वर्षानुवर्षं कोणीतरी फोन करत राहावं लागतं, आणि तिथे डॉक्टरांची बदली झाली तरी वही जागेवर राहायला हवी.

आणि फोन उचललाही जायला हवा. कर्जवसुलीच्या फोनांना कंटाळलेली माणसं अनोळखी नंबर घेत नाहीत. ऑफर मिळाली की सिम बदलतात. म्हणून पहिल्याच भेटीत सिस्टरने रुग्णाच्या मोबाइलमध्ये आपला नंबर स्वतः साठवून द्यायचा, आणि गावाकडचा एक पक्का नंबर मागून घ्यायचा. साठवताना नाव 'हिपॅटायटिस सिस्टर' असं नको. नुसतं 'ताई' पुरे. खोलीतला फोन चार जण बघतात. एचआयव्ही असलेल्यांना भेदभावापासून वाचवणारा कायदा २०१७ मध्ये झाला, हिपॅटायटिस बीसाठी तसा कायदा नाही. एकत्र जेवल्याने, एकाच ग्लासने पाणी प्यायल्याने, हात मिळवल्याने हा विषाणू पसरत नाही. तो रक्तातून, लैंगिक संबंधातून, दुसऱ्याच्या वस्तऱ्यातून, जत्रेतल्या गोंदणाच्या सुईतून जातो. तरी ठेकेदाराला कळलं की 'उद्यापासून येऊ नको' ऐकावं लागेल ही भीती खोटी म्हणता येत नाही. म्हणून फोनवरचं पहिलं वाक्य आजाराचं नसावं. "दादा, आत्ता बोलता येईल का?" आणि तो 'नंतर' म्हणाला तर का ते न विचारता ठेवून द्यायचं.

एक गोष्ट मात्र सिस्टरने न विचारता सांगावी, कारण ती कोणीच सांगत नाही. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जाणारा कामगार जलोदरासह सिऱ्हॉसिस किंवा सक्रिय जुनाट हिपॅटायटिसने घरी बसला, तर ईएसआयच्या वाढीव आजारपण लाभात त्याला पगाराच्या ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. अट अशी की त्याआधी सलग दोन वर्षं तो विमाधारक असावा. ठेकेदार बदलताना मध्ये खंड पडला की अडचण होते. ईएसआयचा नंबर तोच चालू ठेवा, हा सल्ला टेनोफोव्हिरइतकाच महत्त्वाचा.

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात सिस्टरच्या वहीचं रूप बदलतं. कोण कधी गावी निघणार, किती दिवस राहणार, परत चाकणलाच येणार की गुजरातेत साणंदला नाहीतर तमिळनाडूत होसूरला जाणार. पेरणीला महिना, लग्नाला वीस दिवस, आजी गेली तर सांगता येत नाही. प्रत्येक नावापुढे दोन आकडे : किती दिवस बाहेर आणि किती गोळ्या जवळ. दुसरा आकडा पहिल्याहून कमी निघाला की त्याच गुरुवारी त्याला बोलावून दोन डब्या जास्तीच्या द्यायच्या, आणि गावाजवळच्या जिल्हा रुग्णालयाचं नाव त्याच्या कार्डाच्या मागे लिहून द्यायचं.